डाव्या विंगेतले साडू

माझ्या थोरल्या साडूंनी पुराव्याशिवाय विश्वास ठेवावा असा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि या नियमातून ते स्वतःलाही सोडत नाहीत. सुरतेत भेस्तानला राहत होते तेव्हाचीच गोष्ट घ्या: घराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत येतात, कुलूप ओढून बघतात, पुन्हा चार पावलं जातात आणि या वेळी शेजारच्या गुजराती बेनला हाक मारतात, "बेन, मी कुलूप ओढून बघितलं ना? तुम्ही बघितलं ना मला बघताना?" एवढ्यावर भागत नाही. कडीत एक बारीक धागा अडकवून ठेवतात, म्हणजे मागे कोणी दार उघडलं तर कळावं. परत आल्यावर धागा जागेवर सापडला तर माणसानं खूश व्हावं की नाही? हे कपाळाला आठ्या घालून उभे राहतात. "जसाच्या तसा परत लावला, म्हणजे चोर हुशार शे." शे म्हणजे आहे. माणूस मूळचा शिरपूरकडचा. घरात अहिराणी, मिलमध्ये हिंदी, शेजाऱ्यांशी गुजराती आणि मी शाळामास्तर म्हणून माझ्याशी जरा इस्त्री केलेलं मराठी बोलायचे. संशय मात्र नेहमी अहिराणीतच येतो. भुवया एकमेकींजवळ आल्या, मान डावीकडे कलली की समजायचं, आता येणार: "यामा काहीतरी शे."

त्यांचं कामच तसलं होतं म्हणा. मिलमध्ये तीस वर्षं ते कापड तपासत होते. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा तागा, खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून सरकत जातो आणि तपासनीस त्यातला तुटलेला धागा, तेलाचा डाग, पिनेएवढं भोक शोधून खडूने खूण करतो. आमचे साडू शंभर मीटरच्या ताक्यात तांदळाच्या कणीएवढा दोष पकडायचे. पण दोष सापडला नाही की त्यांचा चेहरा उतरायचा. निर्दोष ताका ते उलटा करून पुन्हा टेबलावर चढवायचे. आणि मिलमधून सुटल्यावर ते टेबल काही मिलमध्ये राहायचं नाही. जो माणूस समोर येईल तो खालून दिवा लावून सरकायचा.

एकदा आम्ही दोघं सकाळी लोचो, सुरतेचा तो वाफवलेल्या हरभरा डाळीचा पदार्थ, खायला गेलो. गाडीवाला ओळखीचा, त्याने प्रेमाने साडूंच्या बशीत मूठभर शेव जास्त घातली. झालं! साडूंनी चमचा खाली ठेवला. "भाई, मी मागितली नव्हती. जास्त का घातलीस?" तो बिचारा हसला, म्हणाला, "काका, खाओ ने!" साडूंनी शेव बाजूला सारून खालचा लोचो चारही दिशांनी वास घेऊन तपासला, तो ताजाच निघाला, आणि मग ते तो न खाताच उठले, कारण आता तर कोडं आणखी वाढलं होतं. मिलमधला एक सहकारी रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवायचा. साडूंनी पंधरा दिवस वाट बघितली आणि सोळाव्या दिवशी उत्तर पाठवलं, "काय काम आहे?" ते फूल त्या दिवसापासून कायमचं बंद झालं. यावर साडूंचं म्हणणं, "बघा! काम होतं."

आता खरं सांगायचं तर त्यांना एवढं चढवून ठेवलं तापीने. फार वर्षांपूर्वी ते नदीच्या जवळ भाड्याने राहत होते. धरणातून पाणी सोडलंय पण इकडे काही येत नाही, असं सगळी गल्ली सांगत होती. "सगळे एकाच तोंडाने सांगतात, म्हणजे यामा काहीतरी शे," असं म्हणून या माणसाने गव्हाची कोठी, शिवणयंत्र आणि लग्नातला फोटो माळ्यावर चढवला. दुसऱ्या दिवशी घरात कमरेएवढं पाणी. एकदा खरं ठरलं ना, मग विचारता! तेव्हापासून कोणी काही चांगलं सांगितलं की साडू आधी माळ्याकडे बघतात.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझी चौकशी करण्याचं काम घरचे थोरले जावई म्हणून यांच्याकडेच आलं. हे गृहस्थ मुलाचं नाव घालायला आलेल्या बापाचं सोंग घेऊन माझ्या शाळेत आले. शिपायाला विचारलं, मास्तर मारतात का? हेडमास्तरांना विचारलं, मास्तर वेळेवर येतात का? मग मी वर्गात फळ्यावर लिहीत असताना खिडकीतून पंधरा मिनिटं माझ्या पाठीकडे बघत उभे राहिले. माझी चप्पल बाहेर काढून ठेवलेली होती, ती उलटी करून तळ बघितला. सासरी जाऊन त्यांनी जो अहवाल दिला तो आमच्या घरात अजून सांगितला जातो. म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण का, ते कळत नाही." या गोष्टीला आता दोन तपं होतील. माझी चौकशी त्यांनी लग्नानंतरही बंद केली नाही.

अशा माणसाबरोबर ताईने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, बत्तीस वर्षं संसार केला. तिने किती गोष्टींवर पाणी सोडलं त्याची गणती नाही. तिरुपतीची सहल ठरली होती, ती ट्रॅव्हलवाला फार हसून बोलला म्हणून मोडली. भिशीच्या बायकांबरोबर डुमसला समुद्रावर जायचं होतं, ते पाच बायका एकदम कशा तयार झाल्या म्हणून राहिलं. ताई काही बोलायची नाही. मूळची हसरी बाई, पण नवऱ्यासमोर हसायचं तर कारण तयार ठेवावं लागे. एकदा दिवाळीत आमच्याकडे करंज्या लाटताना माझ्या बायकोला म्हणाली, आणि मी बाहेरच्या खोलीत ऐकत होतो, "शाळेत गॅदरिंगला मी राणी झाले होते, आठवतं तुला? पडदा वर गेला नि समोर सगळं अंधारं, आणि त्या अंधारातून टाळ्या. तसं एकदा परत उभं राहायचंय गं मला. एकदाच. मग नाही मागणार काही."

आणि मी त्या वेळी नाटक लिहीत होतो! आमच्या मराठी मंडळात बँकवाले, शाळावाले, मिलवाले मिळून दरवर्षी एक नाटक करतात आणि ते लिहिण्याची आणि बसवण्याची खोड मला आहे. त्या वर्षीच्या नाटकाचं नाव होतं 'विषय : नाव कमी करणेबाबत'. एक वधूवर सूचक मंडळ चालवणारी बाई. हजारभर लग्नं जुळवली, स्वतः बिनलग्नाची. तिच्याकडे पंचावन्न वर्षांचा एक कारकून रीतसर अर्ज घेऊन येतो की गेली तीस वर्षं रजिस्टरमध्ये पडलेलं माझं नाव आता कमी करावं. नाव कमी करायलाही फॉर्म, फोटो, पत्रिका आणि दोन साक्षीदार लागतात, त्यामुळे तो रोज येत राहतो आणि फॉर्म भरता भरता दोघं प्रेमात पडतात. लग्नाच्या बाजाराची मी यात यथेच्छ टिंगल केली होती, आणि नाटक चांगलं झालं होतं हे मी नम्रपणे सांगतो. नायिका पन्नाशीची हवी होती. मंडळातल्या पन्नाशीच्या सगळ्या बायकांना तरुण मुलीचं काम हवं होतं. मी ताईचं नाव सुचवलं आणि माझ्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की त्या एका नजरेवर मी सहा महिने काढले.

साडूंना विचारायला आम्ही दोघं गेलो. त्यांनी स्क्रिप्ट मागितलं, दिव्याखाली धरलं, पानं मोजली, मधलं एखादं काढून घेतलंय का ते बघितलं. मग विचारलं, "तिलाच का? सुरतेत बायका नाहीत?" मी म्हटलं, शोभेल म्हणून. "तेच विचारतोय. का शोभेल?" तासभर हे चाललं. ताई आत ओट्याशी पाठ करून उभी होती. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरली आणि डाळीचा पार लगदा झाला. शेवटी निकाल आला. "करू दे. पण मी रोज तालमीला येणार. आणि साडूभाऊ, ताक्याला जो नियम तोच इथे. एक फॉल्ट दिसला की अख्खा ताका परत. मग पत्रिका छापलेल्या असोत की हॉल घेतलेला असो."

तालीम माझ्या शाळेच्या वर्गात, चौथीच्या बाकांवर. साडू पहिल्या दिवशी डावीकडच्या खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले आणि असं रोखून बघायला लागले, की आमचा तबलेवाला बोल चुकला. माणसाला काहीतरी उद्योग द्यावा म्हणून मी त्यांना प्रॉम्प्टर केलं. स्क्रिप्ट हातात दिलं, म्हटलं, कोणी वाक्य विसरलं की हळूच सांगायचं. हे काम त्यांना भयंकर आवडलं. माणसं विसरणार, हे त्यांना आधीपासूनच माहीत होतं! लाल पेन्सिल घेऊन ते एकेक शब्द पकडायला लागले. "'आणि' म्हटलं. इथे 'व' आहे." तिसऱ्या पानावर नायक नायिकेला वय विचारतो, तिथे त्यांनी समासात लिहून ठेवलं होतं, "याला कशाला पाहिजे?"

पण नायक यायचे कुठे? आमचे नायक कुलकर्णी सुरतेबाहेर हजीऱ्याच्या एका कारखान्यात पाळीवर. आवाज खणखणीत, केसही अजून जागच्या जागी, पण या आठवड्याला दिवसपाळी, पुढच्या आठवड्याला दुपारची, आणि दिवसपाळी असली तरी त्यांची बस वाटेतल्या इच्छापोरच्या गर्दीत अडकलेली. पहिल्या सव्वीस तालमींपैकी ते सहा तालमींना आले. हौशी नाटकात असं झालं की जो मोकळा असेल तो त्याची वाक्यं वाचतो, त्याला आम्ही प्रॉक्सी म्हणतो. मोकळे एकच होते. वीस तालमी साडूंनी नायकाची प्रॉक्सी केली. बाकावरून उठायचे नाहीत, वर बघायचे नाहीत, बोट ओळीवर ठेवून, मिलमध्ये दोषांची यादी सांगावी त्या सुरात वाचायचे, "मॅडम. माझं नाव रजिस्टरमधून कमी करा. पण तुमच्या लक्षातून करू नका. पूर्णविराम." हे माझ्या नाटकातलं सर्वांत हळवं वाक्य होतं हो! मी डोक्याला हात लावायचो. घरीही तेच. सकाळी ताई भाकरी थापायची आणि हे दाढी करता करता नायकाची वाक्यं टाकायचे, मध्येच एखादं मुद्दाम चुकीचं, ती फसते का बघायला. ती फसायची नाही. बत्तीस वर्षांत त्या घरात प्रेमाबद्दल जेवढं बोललं गेलं नसेल तेवढं त्या दोन महिन्यांत बोललं गेलं, सगळं साबणाच्या फेसातून.

मधल्या एका रविवारी साडू गायब झाले. संध्याकाळी आले ते एकदम खुशीत. विचारलं, कुठे होता? तर म्हणे इच्छापोरला. कुलकर्णी खरंच पाळीवर असतो की कुठे दुसरीकडे, याचा तपास करायला गेले होते. त्याची बस जिथे थांबते तिथे एका कारखान्याच्या फाटकासमोर पानाच्या टपरीआड तीन तास उभे राहिले. शेवटी त्या फाटकावरच्या वॉचमनला यांचाच संशय आला. त्याने यांना आत नेलं, नाव लिहून घेतलं, पिशवी उलटी केली, "किसको मिलना है? तो फिर मिलते क्यों नहीं?" असं अर्धा तास विचारलं आणि बाहेर पडताना पिशवी पुन्हा उलटी केली. साडूंचे डोळे भरून आले होते. "साडूभाऊ, आयुष्यात पहिल्यांदा काम समजणारा माणूस भेटला."

हे दुखणं संसर्गजन्य आहे, हे मला उशिरा कळलं. चौथ्या आठवड्यात आमच्या मंडळात कोणाचा कोणावर विश्वास राहिला नाही. तबलेवाला आपली हातोडी खिशात घेऊन फिरायला लागला. साक्षीदाराचं काम करणाऱ्या दोघांना एकमेकांची वाक्यं जास्त आहेत असं वाटायला लागलं आणि ते पट्टीने ओळी मोजायला लागले. आणि मी? मला साडूंचाच संशय यायला लागला. मनात आलं, हा माणूस इतकं सपाट मुद्दाम वाचतो. ताईचा रंग उडावा, तिने आपणहून नको म्हणावं, म्हणून चाललंय हे. मी चोरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला लागलो. ते चोरून माझ्याकडे बघत असायचे.

प्रयोगाला आठ दिवस राहिले असताना ते माझ्या घरी आले, चहा नको म्हणाले आणि खिशातून छोटी वही काढली. "साडूभाऊ, फॉल्ट सापडला." त्यांनी वाचलं, "कुलकर्णी आला अशा तालमी सहा. त्यात ती अडखळली एकवीस वेळा. तो नव्हता अशा तालमी वीस. त्यात एकदाही नाही." वही मिटली. "तो नसला की पोपटासारखी बोलते. तो समोर आला की हिला शब्द सापडत नाही, लाल होते, इकडेतिकडे बघते. यामा काहीतरी शे. नाटक बंद करा."

खोटं कसं म्हणू? मीही ते बघितलं होतं. कुलकर्णी आले की ताईची गाडी रुळावरून घसरायची आणि मी ते संकोच म्हणून सोडून दिलं होतं. आता ही वही समोर आल्यावर माझ्यासारख्या शहाण्या माणसाच्याही मनात पाल चुकचुकली, हे कबूल करायला मला लाज वाटते. आम्ही तसेच त्यांच्या घरी गेलो. ताई मेथी निवडत होती. साडूंनी उभ्याउभ्याच वही वाचून दाखवली. तिने पूर्ण ऐकलं. आधी मला वाटलं रडणार. पण ती मेथीची काडी मोडत राहिली आणि म्हणाली, "का अडखळते ते मलाच कळत नाही. कळलं असतं तर सांगितलं असतं." मग नवऱ्याकडे बघून, त्यांच्या बोलीत, पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाली, "तिरुपती सोडी दिनं, डुमस सोडी दिनं. हाई नही सोडाव. माले एकदाव उभं ऱ्हाऊ द्या. तुम्हले संशय शे ना? मंग विंगमा उभं ऱ्हा, माना समोर ऱ्हा. पन माले उभं ऱ्हाऊ द्या." हे सोडणार नाही, म्हणत होती ती; संशय असेल तर विंगेत उभे राहा, माझ्या समोर राहा. साडू तिच्याकडे बघत राहिले. संशयाने बघण्याची त्यांना सवय होती, पण हे जरा वेगळं होतं, घाबरल्यासारखं. वही खिशात गेली. "डाव्या विंगेत," एवढंच म्हणाले. "पण पडदा ओढायची दोरी माझ्या हाताजवळ पाहिजे."

प्रयोगाच्या दिवशी हॉल भरलेला. उधना, लिंबायत, डिंडोलीकडून खानदेशी मंडळी पोराबाळांसकट आलेली, पुढे बँकवाले. डाव्या विंगेत साडू स्टुलावर, एका हातात स्क्रिप्ट, दुसऱ्यात बॅटरी, आणि कानाजवळ ती दोरी. उजव्या विंगेत मी. पडदा वर गेला. ताई टेबलाशी बसलेली, नाकावर चष्मा, समोर हे मोठं रजिस्टर. साक्षीदारांशी तिची जुगलबंदी झाली आणि पहिल्या पाच मिनिटांत तिने हॉल खिशात घातला. मला वाटलं, जिंकलं!

मग कुलकर्णी आले. खर्जातला आवाज लावून, छातीवर हात ठेवून त्यांनी पहिलं वाक्य टाकलं. ताई गप्प. चेहरा कोरा. कुलकर्णींनी ते वाक्य पुन्हा टाकलं, अजून खर्जात. ताई इकडेतिकडे बघायला लागली. मी उजव्या विंगेतून तिचं वाक्य हळूच फेकलं, तिच्या कानातच शिरेना. दोरी! दोरीकडे बघण्याची माझी हिंमत होईना. आणि डाव्या विंगेतून, बोट ओळीवर ठेवून, तो दोषांच्या यादीचा सपाट आवाज आला. नायिकेचं नाही, नायकाचंच वाक्य. दोन महिन्यांची सवय! "मॅडम. मी नाव कमी करायला आलो आहे. पूर्णविराम."

ताई अशी उमलली म्हणून सांगू! झर्रकन डावीकडे वळली आणि तिचं वाक्य असं दिलं, की मी लिहिताना त्यात एवढं काही होतं हे मलाच माहीत नव्हतं.

मला त्या क्षणी सगळं कळलं. अहो, त्या बाईच्या कानाला प्रेमाचा आवाज म्हणून तोच एक माहीत होता! वीस तालमी आणि रोजची सकाळ. कुलकर्णी छाती पिटून बोलले तर तिला वाटणार, हा कोण परका माणूस बोलतोय, माझी पाळी अजून यायची आहे. पुढे अख्खं नाटक तसंच झालं. कुलकर्णी कळवळून वाक्य म्हणायचे, विंगेतून तेच वाक्य सरकारी सुरात यायचं, आणि ताई विंगेकडे बघून त्याला उत्तर द्यायची. लोकांना वाटलं, सगळं बसवलेलं आहे. हॉल हसून हसून लोळत होता. मध्यंतरात एक वयस्कर गृहस्थ येऊन मला म्हणाले, "प्रेमाचं भाषण ऑफिसच्या भाषेत वाचून दाखवायची कल्पना तुमचीच ना? वा!" मी नम्रपणे मान खाली घातली. कुलकर्णी मात्र पाण्याची बाटली आपटून म्हणाले, "मास्तर, ही बाई माझ्याकडे बघतच नाही!"

ती कोणाकडे बघते, हे हॉलमध्ये कोणाला दिसत नव्हतं. मला समोरून स्पष्ट दिसत होतं. आणि ज्याच्याकडे बघत होती त्याने एकदाही मान वर केली नव्हती. बॅटरीचा उजेड ओळीवर, पेन्सिल कानावर, गृहस्थ कामात.

शेवटचा प्रवेश. फॉर्म भरून झालाय, फक्त तिची सही बाकी आहे. कुलकर्णींनी ते हळवं वाक्य म्हटलं, अगदी डोळ्यांत पाणी आणून. ताई डावीकडे वळून थांबली. विंगेतून काहीच आवाज आला नाही. नंतर कळलं, बॅटरी विझली होती. साडूंनी बॅटरी हलवून बघितली, हातावर आपटली, आणि मग ही बाई पुढचं विसरली की काय ते बघायला, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच, मान वर केली.

समोर ताई. डोक्यात मोगऱ्याचा गजरा, नाकावर उतरलेला चष्मा, आणि तोंडावर असं हसू की ज्याला काही कारण तयार ठेवलेलं नव्हतं. सरळ त्यांच्याकडे बघत उभी.

आणि आमच्या साडूंनी मागे वळून पाहिलं.

माझ्या मागे कोण उभं आहे, ही हसते कोणाकडे बघून, म्हणून त्यांनी नीट, पूर्ण वळून पाहिलं. मागे भिंत होती आणि भिंतीला टेकवलेली एक शिडी. त्यांनी शिडीच्या मागेही वाकून बघितलं. मग हळूहळू परत वळले. ती अजून तशीच बघत होती. साडूंच्या हातातून स्क्रिप्ट घसरलं, ते उचलायचं त्यांना सुचलं नाही. दोरीला त्यांचा हात लागला होता, तो त्यांनी काढून घेतला. आणि अंधारातून आवाज आला, घोगरा, अडखळता, "मॅडम... माझं नाव रजिस्टरमधून कमी करा. पण तुमच्या लक्षातून..." पुढे येईना. पूर्णविराम तर राहिलाच.

"नाही करणार," ताई म्हणाली, आणि सही केली. टाळ्या अंधारातून आल्या, तिला हव्या होत्या तशाच. ती ऐकत उभी राहिली.

तो ताईचा एकच प्रयोग. पुढच्या वर्षी तिचे गुडघे धरले, आणि साडू निवृत्त होऊन दोघं शिरपूरला राहायला गेली. भेस्तानच्या त्या घरात आता दुसरं कुटुंब आहे. कुलूप एकदाच लावतात. माझ्या चपलेचा तळ हल्ली कोणी बघत नाही. चांगला का आहेस म्हणून मला कोणी विचारत नाही, आणि खरं सांगू, सगळ्यांनी सरळ विश्वास ठेवायला लागल्यापासून मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्या प्रयोगाचं माझ्या बायकोने मोबाइलवर केलेलं चित्रण साडूंनी मागून घेतलंय. ताई सांगते, रोज दुपारी टेबलाशी बसून बघतात, शेवटच्या प्रवेशाशी आलं की थांबवतात, मागे नेतात, पुन्हा बघतात, बोट फिरवत.

आणि महिन्यातून एकदा फोन येतो. इकडचंतिकडचं विचारून होतं, पाऊसपाणी होतं, मग आवाज खाली जातो. "साडूभाऊ, तुम्ही समोर होता. त्या दिवशी माझ्या मागे नक्की कोणी नव्हतं?"

"कोणी नव्हतं, साडूभाऊ."

"नीट आठवा. शिडीच्या मागे?"

"नव्हतं हो. तुम्हीच होता."

मग "मी मागितलं नव्हतं," असं हळूच म्हणतात. मागून ताईचा आवाज येतो, कोण शे, काय विचारतात म्हणून, आणि ते फोनवर हात ठेवून तिला सांगतात, "काही नही. खात्री करी ऱ्हायनू."